भरती किती मीटर ते छापता, कुठून मोजली तेही छापा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरत आला की आपल्या दैनिकात एक चौकट येते. पावसाळ्यात साडेचार मीटरपेक्षा मोठी भरती कोणत्या दिवशी, किती वाजता आणि किती उंच. ती चौकट मी दर वर्षी कापून स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर टाचतो. यंदाची टाचली आणि दुसऱ्याच दिवशी सकाळी तळमजल्यावरच्या वहिनी वर आल्या. हातात तोच अंक होता. म्हणाल्या, "काका, 4.8 मीटरची भरती म्हणजे जवळजवळ सोळा फूट. आमची खिडकी जमिनीपासून चार फुटांवर. मग त्या दिवशी आम्ही जायचं कुठे?"

वहिनींनी गणित बरोबर केलं होतं. आकडा छापलेला होता, तो कुठून मोजलाय हे छापलेलं नव्हतं. त्या राहून गेलेल्या एका ओळीसाठी लिहायला बसलो आणि पत्र लांबत गेलं. जागा नसेल तर खुशाल कापा, पण शून्याविषयी जे लिहिलंय तेवढं ठेवा, ही विनंती.

मी उभा जन्म लेव्हलिंगच्या, म्हणजे जमिनीच्या उंच-सखलपणाच्या मोजणीच्या कामात काढला. 1977 साली स्टाफ, म्हणजे उंची वाचायची उभी पट्टी, धरणारा खलाशी (मोजणीतला मदतनीस) म्हणून लागलो. पुढे हातात उंची मोजायची दुर्बीण, डम्पी लेव्हल आली, मग ऑटो लेव्हल, आणि सर्वेअर म्हणून निवृत्त झालो. या शहरातले कितीतरी रस्ते, गटारं, मोऱ्या कोणत्या उंचीवर बसवायच्या, त्यासाठीच्या वह्या मी भरल्यात. त्यामुळे कुणी उंची सांगितली की माझ्या तोंडून आपोआप निघतं, "कशापासून?"

भरतीचा आकडा ज्या शून्यापासून मोजतात ते जहाजांच्या सोयीचं शून्य आहे. पाणी सहसा ज्याच्या खाली उतरत नाही अशी पातळी त्यासाठी धरतात. म्हणजे नाविक नकाशात जेवढी खोली लिहिलीय तेवढं पाणी तरी गलबताखाली असणारच, असा भरवसा तांडेलाला मिळतो. मुंबई बंदरात समुद्राची सरासरी पातळी या शून्याच्या 2.51 मीटर वर आहे. इमारतीच्या आणि रस्त्याच्या नकाशावरची उंची मात्र सरासरी समुद्रपातळीपासून धरतात. पाणी एकच, पण मोजायची शून्यं दोन, आणि त्या दोघांत अडीच मीटरचं अंतर. आपल्या चौकटीतली 4.8 मीटरची भरती जमिनीच्या हिशोबात सुमारे 2.3 मीटर भरते. नुसत्या वाचकाचाच इथे घोटाळा होतो असं नाही. एका कामावर नाल्याच्या तोंडाची पातळी भरतीच्या कोष्टकातून थेट उचलून नकाशावर मांडलेली मी स्वतः पाहिली आहे. खोदाई सुरू होण्याआधी ती लक्षात आली, म्हणून निभावलं.

वहिनींना टेबलावर बसवून कागदावर आडव्या दोन रेघा मारून हे सगळं दाखवलं. त्यांच्या इमारतीचं जोतं त्या 2.3 मीटरच्या वर आहे, हेही सोसायटीच्या जुन्या नकाशावरून काढून दाखवलं. त्यांचा जीव भांड्यात पडला. पण जाता जाता दारात थांबून त्यांनी जे विचारलं, ते पहिल्या प्रश्नापेक्षा मोलाचं होतं. "आणि दर वर्षी समुद्र थोडा थोडा वर येतोय म्हणतात, ते यात धरलंय का?"

नाही धरलेलं. नकाशावरच्या उंचीचं जे शून्य आहे ते 1909 साली ठरलं. कराची, मुंबई, कारवार, बेपूर, कोचीन, नागपट्टणम, मद्रास, विशाखापट्टणम आणि ओरिसातलं फॉल्स पॉइंट अशा नऊ ठिकाणी समुद्राची पातळी वर्षानुवर्षं मोजून भारतीय सर्वेक्षण विभागाने ते बांधलं. खलाशी असताना ही नावं मला पाठ करायला लावली होती. आमचे मुख्य सर्वेअर म्हणायचे, कारवारपासून काश्मीरपर्यंत जिथे कुठे उंची लिहिलेली दिसेल तिथे या नऊ गावांचं पाणी आहे असं समज. ते शून्य दगडात कोरलेलं, कागदावर लिहिलेलं, म्हणून तिथेच राहिलं. समुद्र मात्र 1909 च्या जागी राहिलेला नाही.

किती सरकला हे सांगणारी उत्तम नोंद आपल्या दाराशी आहे. गेटवे ऑफ इंडिया उभा आहे ना, त्या अपोलो बंदरावर 1878 पासून भरती-ओहोटी मोजली जातेय. हिंदी महासागरातल्या सर्वांत जुन्या नोंदींपैकी ही एक. जुनी पद्धत साधी होती. पाण्यात एक उभी विहीर, तिला तळाशी लहानसं भोक, म्हणजे लाटांची धडपड बाहेरच राहते आणि आत पाणी संथ चढतं-उतरतं. त्यावर एक तरंगा, तरंग्याला तार, तारेच्या टोकाला लेखणी आणि घड्याळावर फिरणारा कागद. शेजारी जमिनीवर पक्क्या खुणा, आणि त्या खुणांपासून यंत्राचं शून्य अधूनमधून लेव्हल लावून तपासायचं. या शेवटच्या कामाविषयी कुणी बोलत नाही, पण सगळी भिस्त त्याच्यावर आहे. यंत्र बदललं, धक्का दुरुस्त झाला, खांब खचला तरी जमिनीवरची खूण जागेवर असेल तर दीडशे वर्षांची रेघ तुटत नाही. इंग्लंडमध्ये लिव्हरपूलला 1933 पासून जगभरच्या अशा नोंदी गोळा करणारी संस्था आहे. मुंबईचे आकडे तिथेही आहेत.

विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंतची मुंबईची रेघ पाहिली तर वाढ वर्षाला पाऊण मिलिमीटरच्या आसपास निघते. शंभर वर्षांत चार बोटं. देशाच्या किनाऱ्याची सरासरी केंद्र सरकारने संसदेत सांगितली आहे, 1900 ते 2000 या काळात वर्षाला 1.7 मिलिमीटर. 1993 पासून उपग्रहावरून समुद्राची उंची मोजली जाते. आपल्या इस्रोनेही फ्रेंचांच्या जोडीने 2013 साली 'सरल' नावाचा उपग्रह त्यासाठीच सोडला. उपग्रहांच्या काळातला, 1993 ते 2015 चा उत्तर हिंदी महासागराचा आकडा वर्षाला 3.3 मिलिमीटर. जगाची सरासरीही तीच गोष्ट सांगते. 1901 ते 1971 वर्षाला 1.3 मिलिमीटर, 2006 ते 2018 वर्षाला 3.7. नुसता चढ असता तर माणसाने सवय करून घेतली असती. पण इथे चढाचा वेगच वाढतोय.

एखाद्या वर्षी पाणी जास्त चढलं की लोक म्हणतात समुद्र वाढला, पुढच्या वर्षी कमी आलं की म्हणतात उगाच घाबरवलं. दोन्हीत अर्थ नाही. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की समुद्र सेंटिमीटरभर वर येतो. वारा किनाऱ्याकडे लागला की पाणी थोपतं. चंद्राच्या कक्षेचं एक चक्र साडेअठरा वर्षांहून थोडं मोठं आहे, म्हणून सरासरी पातळी काढायची तर एकोणीस वर्षांचे आकडे घ्यायची रीत आहे. अशा गोंधळातून वर्षाला तीन मिलिमीटर शोधायचे म्हणजे पन्नास-शंभर वर्षं एकाच खुणेपासून मोजत राहायला हवं. दुसरा मार्ग नाही.

आता तीन मिलिमीटर म्हणजे तांदळाच्या दाण्याएवढी गोष्ट, तिच्यासाठी एवढं लिहायचं कशाला, असं वाटणं साहजिक आहे. याचं उत्तर मला माझ्या वडिलांच्या कामातून मिळालं, ते जरा सविस्तर सांगतो.

आमची खाडीकाठची खारजमीन होती, वाशी आणि बेलापूरच्या मधल्या पट्टीत. नवी मुंबईसाठी 95 गावांची जमीन घेतली, त्यात तीही गेली. त्याआधी वडील गावाच्या खारबंदावर उघाडी सांभाळायचे. ज्यांनी उघाडी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. खाडीचं पाणी शेतात येऊ नये म्हणून चिखलमातीचा बांध, आणि शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जावं म्हणून त्या बांधाला दगडी तोंड. त्या तोंडाला वरून टांगलेली लाकडी फळी. फळी फक्त खाडीच्या बाजूला उघडते. सुकती, म्हणजे ओहोटी लागली की आतलं पाणी तिला ढकलून बाहेर पडतं. भरती चढली की खाडीचं पाणीच तिला दाबून बंद करतं. दिवसातून दोनदा उघडायची, दोनदा मिटायची. माणसाचा हात लागायचा तो फक्त राखणीला.

मुसळधार पावसाच्या रात्री वडील बांधावर जाऊन बसायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असेन, हट्ट करून एकदा त्यांच्याबरोबर गेलो. इरलं, कंदील, आणि बांधाच्या एका बाजूला तुडुंब शेत, दुसऱ्या बाजूला चढती खाडी. वडिलांनी माझा तळहात फळीवर ठेवला. फळी थरथरत होती. म्हणाले, "अजून वाहतंय. थरथर थांबली की समज दोन्ही पाणी सारखं झालं." थोड्या वेळाने ती खरंच थांबली. क्षणभर काहीच नाही, आणि मग धप्प असा आवाज होऊन फळी मिटली. वडील म्हणाले, "आता सहा तास शेतानं पोटात ठेवायचं." त्या सहा तासांत आणखी पाऊस पडला तर राता भाताचं पीक पाण्याखाली. आणि फळीत एखादी फांदी अडकून ती पुरती मिटली नाही तर खारं पाणी आत, मग दोन-तीन पावसाळे जमीन धुवावी लागायची. त्यांना भरतीचं कोष्टक वाचता येत नव्हतं. तिथीची पाऊणकी करायची, अष्टमीला आठ पाऊणे सहा, म्हणजे सहाच्या सुमाराला पूर्ण भरती. अमावास्या-पौर्णिमेला बाराच्या आसपास. उधाणाला, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला, आणि भांगाला, म्हणजे अष्टमीच्या सुमाराच्या लहान भरतीला, फळी किती वेळ मिटलेली राहते, हे त्यांच्या अंगात मुरलेलं होतं.

नवी मुंबई त्याच उघाडीवर उभी आहे. शहराचा बराच भाग खाजणात, मिठागरात भर घालून उठवला. भरावाला मर्यादा होती, म्हणून हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव केले. पावसाचं पाणी नाल्यांतून तलावात येतं, ओहोटीला झडपांतून खाडीत जातं, भरतीला झडपा मिटतात आणि तलाव पाणी पोटात ठेवतो. वडिलांची फळी लाकडाची होती, इथली लोखंडाची, एवढाच फरक.

आता हिशोब मांडतो. मुंबईत उधाणाची सरासरी भरती 4.42 मीटर आणि ओहोटी 0.76 मीटर, म्हणजे पाणी सहा तासांत 3.66 मीटर चढतं. ते सारख्या वेगाने चढत नाही. मधल्या दोन तासांत सगळ्यात जोरात, तासाला सुमारे 90 सेंटिमीटर, म्हणजे मिनिटाला दीड सेंटिमीटर. झडप साधारण याच मधल्या पातळीला मिटते आणि उघडते. समुद्राची सरासरी पातळी 10 सेंटिमीटरने वर आली असं धरा. सध्याच्या वेगाने त्याला सत्तावीस-अठ्ठावीस वर्षं लागतील, म्हणजे आज शाळेत जाणारी मुलं तेव्हा घरकर्जाचे हप्ते भरत असतील. तर झडप सहा-सात मिनिटं आधी मिटणार, सहा-सात मिनिटं उशिरा उघडणार. एका भरतीला पाणी बाहेर पडायची तेरा मिनिटं कमी. भांगाला पाणी हळू चढतं, म्हणून तेव्हा हा तोटा दुपटीहून मोठा.

तेरा मिनिटांत काय होतं? तासाला 50 मिलिमीटर पाऊस आपल्याकडे नवा नाही. 100 हेक्टरच्या वस्तीवर तेवढ्या पावसाचं तेरा मिनिटांचं पाणी म्हणजे एक कोटी लिटरच्या वर. उन्हाळ्यात आपल्या सोसायट्यांत दहा हजार लिटरचा टँकर येतो, तसे हजाराहून जास्त टँकर. तेवढं पाणी तलावात मावायला हवं, नाहीतर रस्त्यावर येणार. आणि तलाव गाळाने भरत चाललेत, त्यात तिवरं उगवलीत, ती काढायला न्यायालयाची परवानगी लागते. त्या वादात मी शिरत नाही. एवढंच म्हणतो की खाडीकडची तिवरं आपली ढाल आहेत. ती गाळ धरतात, पाण्याबरोबर जमीनही थोडी वर उचलतात, आणि मागे जागा असली तर मागे सरकतात. आपण मागे भिंत बांधतो, मग ती सरकणार कुठे? 2015 साली खाडीत फ्लेमिंगो अभयारण्य झालं, 2022 साली ते पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, याचा मला आनंद आहे. पण फ्लेमिंगोचे फोटो काढणाऱ्यांनी एकदा ओहोटीला त्या चिखलाचा उतार पाहावा. इतका सपाट आहे की पाणी बोटभर चढलं तरी ते कितीतरी पावलं आत येतं.

दुसरी गोष्ट तापमानाची. माझे व्याही दिवाळे गावचे, अजून होडीवर जातात. ते म्हणतात, पाणी तापलंय. मे महिन्यात खाडीत पाय टाकला की पूर्वी थंड वाटायचं, आता अंगाला लागतं. त्यांच्या शब्दावर माझा विश्वास आहे, पण सर्वेअर म्हणून मी त्यांना सांगतो की पायाने तापमान मोजता येत नाही. शिवाय खाडी उथळ, तीत सांडपाणी, कारखान्यांचं पाणी. खाडीची गोष्ट वेगळी, भर समुद्राची वेगळी. भर समुद्राचं सांगायचं तर पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने संपादित केलेल्या आणि 2020 साली केंद्र सरकारने काढलेल्या अहवालात आहे: 1951 ते 2015 या काळात उष्ण कटिबंधातल्या हिंदी महासागराचा पृष्ठभाग सरासरी एक अंशाने तापला. त्याच काळात जगभरच्या समुद्रांची सरासरी वाढ 0.7 अंश. आपला समुद्र इतरांपेक्षा जास्त तापतोय.

एक अंश ऐकायला थोडा वाटतो. पण तापलेलं पाणी फुगतं. पातेल्यातल्या पाण्याचं फुगणं आपल्याला दिसत नाही, हजारो मीटर खोल समुद्राचं मात्र अपोलो बंदराच्या खुणेवर दिसतं. 1971 ते 2018 या काळात जगाची समुद्रपातळी जेवढी वाढली, त्यातली निम्मी वाढ नुसत्या या फुगण्याची आहे. बाकीची वितळलेल्या बर्फाची आणि थोडी जमिनीतून उपसून शेवटी समुद्रात गेलेल्या पाण्याची. म्हणजे माझ्या व्याह्यांच्या पायाला लागणारी गोष्ट आणि झडपेची तेरा मिनिटं एकाच वहीच्या दोन पानांवर आहेत. वादळांना बळ याच उष्णतेतून मिळतं. 3 जून 2020 चं निसर्ग आणि पुढच्याच वर्षीच्या मे महिन्यातलं तौक्ते ठाणे-रायगडकर विसरलेले नाहीत.

या तापमानाच्या नोंदीत एक गोष्ट अशी आहे की ती वाचल्यापासून मी अनेकांना सांगितली. पूर्वी जहाजावरून बादली सोडून पाणी वर ओढायचे आणि त्यात थर्मामीटर बुडवायचे. कापडी बादली असली की वर येईपर्यंत पाझरून, वारा लागून पाणी थोडं निवायचं, जसं माठात निवतं. पुढे, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान घेऊ लागले. ते यंत्राच्या उबेने थोडं जास्त दाखवायचं. कागदावर समुद्र एकदम तापलेला दिसला, आणि त्यात मोजायच्या रीतीचाच मोठा हात होता. कोणत्या जहाजावर कोणती बादली होती याच्या नोंदी शोधून शास्त्रज्ञांनी एकेक आकडा दुरुस्त केला, तेव्हा कुठे खरी वाढ किती ते कळलं. कुणीतरी "बादली कापडाची होती" एवढी ओळ लिहून ठेवली नसती, तर पुढच्या माणसांनी काय केलं असतं?

हे वाचलं तेव्हा मला माझा होड्यांचा धक्का आठवला.

1991 साली एका कामासाठी आम्ही खाडीकाठच्या एका कोळीवाड्यात तीन खुणा केल्या होत्या. एक धक्क्याच्या जुन्या दगडी पायरीवर, एक भरावाच्या रस्त्यावरच्या मोरीच्या कठड्यावर, एक गावच्या देवळाच्या जोत्यावर. देऊळ कातळावर आहे. छिन्नीने कोरलेला चौकोन, त्यावर लाल रंग, शेजारी बाण. काम संपलं, पण मला त्या खुणांचा लळा लागला. दर हिवाळ्यात, पुढे निवृत्तीनंतरही, ओळखीच्या एकाकडून लेव्हल मागून आणायची आणि तिन्ही खुणा एकमेकींशी जोडून पाहायच्या. स्टाफ धरायला आधी माझा मुलगा यायचा, आता नात येते. देऊळ आणि धक्का यांच्यातला फरक वर्षानुवर्षं तोच. मोरी मात्र देवळाच्या तुलनेत खचत गेली, आणि खचली ती मिलिमीटरांत नव्हे, बोटांत मोजावी इतकी. भरावाची जमीन बसतेच, खालचा चिखल पिळून निघतो. पण याचा अर्थ पाहा. ज्याचं घर भरावावर आहे त्याच्या उंबऱ्याला समुद्र वर आला काय आणि जमीन खाली गेली काय, दोन्ही सारखंच. तिथे दोन्ही एकदम चाललंय. उपग्रहाला ते उंबऱ्यापाशी दिसत नाही. अरुंद खाडीत त्याच्या लहरींवर जमिनीची सावली पडते. ते फक्त काठावरच्या खुणेला दिसतं.

त्याच धक्क्यावर मोठ्या उधाणाला पाणी कुठवर आलं तेही मी वहीत लिहीत आलोय. माझी वही समुद्र वाढल्याचा पुरावा नाही, हे मी स्वच्छ सांगतो. होडी गेली की लाट येते, नजर दोन बोटं चुकते, वर्षाची तीन मिलिमीटर त्यात हरवून जातात. पण एक गोष्ट त्या वहीत स्पष्ट आहे. पावसाळ्यात दुपारचं पाणी मोठं, थंडीत रात्रीचं. डिसेंबर-जानेवारीत आकाश निरभ्र असताना मध्यरात्री पाणी वरच्या पायरीला लागतं, सखल गल्लीत शिरतं आणि उजाडायच्या आत उतरून जातं. कोळणींच्या सुकत घातलेल्या मासळीचं नुकसान होतं तेवढंच मागे राहतं. आपली चौकट सप्टेंबरला संपते, म्हणून ही रात्रीची भरती कुठेच छापून येत नाही.

काही वर्षांपूर्वी धक्क्याचं नूतनीकरण झालं. हिवाळ्यात लेव्हल घेऊन गेलो तर जुन्या पायऱ्यांवर काँक्रीट, वर रंगीत पेव्हर ब्लॉक. खुणेच्या जागी बसायचा बाक. नातीने स्टाफ हातात धरलेला, आणि तो टेकवायचा कुठे ते मला सांगता येईना. संबंधित कार्यालयात गेलो. तिथले अधिकारी सभ्य होते, चहा दिला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "काका, नवीन धक्का जुन्यापेक्षा उंच केलाय, चांगलाच केलाय. त्या रेघेचं आता काय काम?" धक्का चांगला झालाय, मी नाही म्हणत नाही. पण काँक्रीट ओतायच्या आदल्या दिवशी तासभर लेव्हल लावून जुन्या खुणेची उंची नव्या जागी उतरवली असती, तर तीस वर्षांची रेघ तुटली नसती. यासाठी पैसा लागत नाही. निविदेत एक कलम लागतं: काठावरचं जुनं बांधकाम मोडण्याआधी तिथल्या पातळीच्या खुणा नव्या पक्क्या जागी नेऊन त्यांची नोंद द्यावी. खाडीकाठी सध्या इतकं बांधकाम चाललंय की हे कलम आजपासून घातलं तरी उशीरच आहे.

याच्या जोडीला ठाणे खाडीच्या आतल्या अंगाला भरती मोजणारं एक कायमचं यंत्र आणि पाण्यात बुडवलेला थर्मामीटर हवा. एखाद्या पुलाच्या खांबाला ते लावता येईल. आजकाल रडारवर चालणारी यंत्रं आहेत, विहीर बांधावी लागत नाही. अपोलो बंदराचा आकडा खाडीला जसाच्या तसा लागत नाही. इथे पाणी उशिरा येतं आणि आत निमुळत्या होत जाणाऱ्या खाडीत चढतं. यंत्राचं शून्य कातळावरच्या दोन-तीन खुणांना बांधायचं आणि रोजचे आकडे लोकांना दिसतील असे ठेवायचे. आज लावलं तर पहिली भरवशाची सरासरी मिळायला एकोणीस वर्षं लागतील. मी तोवर नसेन, म्हणून तर घाई करतोय.

आणि आपल्याकडे मागणं एवढंच. चौकटीखाली एक ओळ छापा: "ही उंची नाविक शून्यापासूनची आहे, सरासरी समुद्रपातळी त्याच्या 2.51 मीटर वर आहे." आणि चौकट डिसेंबर-जानेवारीतही द्या, रात्रीच्या वेळांसकट. वहिनींसारख्या हजारो घरांत ती कापून ठेवली जाईल.

धक्क्यावरच्या खुणेची शेवटची लेव्हल मी काम सुरू होण्याआधीच्या जानेवारीत घेतली होती. देवळाच्या खुणेपासूनचा तिचा फरक माझ्या वहीत आहे. म्हणजे देवळापासून सुरुवात केली तर नवा धक्का अजूनही जुन्या रेघेला जोडता येईल, एका सकाळचं काम आहे. ज्या कुणा कार्यालयाला किंवा महाविद्यालयाला हव्या असतील त्यांना मी सगळ्या वह्या द्यायला तयार आहे, आपल्या कार्यालयामार्फत निरोप पाठवावा. देवळावरची खूण शाबूत आहे. दर्शनी भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात, जमिनीपासून वीतभर उंच. मागच्या महिन्यात जोत्याला ऑइलपेंट दिला, तेव्हा दिवसभर तिथे बसून रंगाऱ्याकडून तेवढा चौकोन मोकळा ठेवून घेतला आहे.

आपला,
एक निवृत्त सर्वेअर
नेरूळ, नवी मुंबई